घर घेतले, पण देश मिळाला नाही : कॅलिफोर्नियाचा परकीय जमीन कायदा (१९१३–१९५६)

१/
परदेशात घर विकत घेऊन तेथील रहिवास मिळवणे हा आज वर्तमानपत्री जाहिरातींचा विषय झाला आहे. संयुक्त अरब अमिरातीत २० लाख दिरहॅमची स्थावर मालमत्ता घेणाऱ्यास दहा वर्षांचा 'गोल्डन व्हिसा' मिळू शकतो. पोर्तुगालने २०१२ साली आणि ग्रीसने २०१३ साली अशाच योजना सुरू केल्या; पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये बंद केला. या व्यवहारांमागचे गृहीतक साधे आहे : जमीन घेतली की माणूस त्या भूमीचा थोडाफार तरी होतो. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाने याच्या नेमके उलट सूत्र मांडले. ज्याला या देशाचा नागरिक होता येत नाही, त्याला येथील जमीनही घेता येणार नाही. या सूत्राच्या कचाट्यात जपानी शेतकरी सापडले, त्यांच्या पाठोपाठ भारतीयही सापडले. त्याची ही कहाणी.

२/
आरंभ १७९० पासून करावा लागतो. अमेरिकेच्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने परकीयांना नागरिक होण्याची मुभा दिली, पण ती केवळ 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'पुरती. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीही हे दार उघडण्यात आले. आशियाई लोकांसाठी मात्र ते उघडले नाही. १८८२ च्या कायद्याने तर चिनी लोकांना नागरिकत्व देण्यास स्पष्ट मनाई केली. एक महत्त्वाची वाट तेवढी शिल्लक राहिली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल, त्याचे आईबाप कोणीही असोत, जन्मतः नागरिक ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात दिला. ही वाट ध्यानात ठेवावी. पुढे अनेक घरे तिच्याच आधाराने टिकली.

३/
'गोरा' म्हणजे कोण, हे मात्र कायद्याने कोठेच सांगितले नव्हते. ते ठरवण्याचे काम एकेका न्यायाधीशावर येऊन पडले. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यू यॉर्कच्या न्यायालयाने १९०९ साली नागरिकत्व दिले आणि १९१० साली अपिलातही तो निर्णय कायम राहिला. पारशी हे भारतातील इतरांहून वेगळे आणि गोऱ्यांत मोडणारे, असा त्यामागचा तर्क होता. १९१३ साली अक्षयकुमार मोझुमदार हे बंगाली गृहस्थ वॉशिंग्टन राज्यात नागरिक झाले. १९१४ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सखाराम गणेश पंडित यांना नागरिकत्व दिले. एका न्यायालयात भारतीय गोरा ठरे, दुसऱ्यात ठरत नसे.

४/
याच काळात कॅलिफोर्नियाच्या शेतीत मोठे बदल घडत होते. जपानी कुटुंबे मजुरीपासून सुरुवात करून हळूहळू खंडाने जमीन घेऊ लागली होती, साधल्यास विकतही घेत होती. स्ट्रॉबेरी, भाजीपाला, फळबागा यांत त्यांचा जम बसला. पंजाबातून आलेले शेतकरी लाकडाच्या गिरण्या आणि रेल्वेची कामे सोडून सॅक्रामेंटो व इम्पीरियल खोऱ्यांकडे वळत होते. आशियाई माणूस मजूर म्हणून राबत होता तोवर मोठ्या बागायतदारांना तो हवाच होता. तो शेजारच्या शेताचा मालक होऊ लागला, तेव्हा राज्याच्या राजकारणात त्याची 'समस्या' झाली.

५/
१९१३ च्या वसंतात सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात परकीय जमीन कायद्याचे विधेयक आले. जपानने वॉशिंग्टनकडे निषेध नोंदवला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना स्वतः सॅक्रामेंटोला धाडले. कायदा करू नये, निदान त्याची भाषा सौम्य ठेवावी, अशी त्यांची विनवणी होती. ती मानली गेली नाही. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी मे १९१३ मध्ये विधेयकावर सही केली. त्याच्या रचनाकारांत राज्याचे महाधिवक्ता युलिसिस वेब हे होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

६/
या कायद्याची शब्दयोजना नीट पाहण्याजोगी आहे. त्यात 'जपानी' हा शब्द नाही, 'आशियाई' नाही, 'वंश'ही नाही. बंदी आहे ती 'नागरिकत्वास अपात्र परकीयां'वर. अशा परकीयाला शेतजमिनीची मालकी घेता येणार नव्हती. खंडाने घ्यायची तर तीन वर्षांहून अधिक मुदतीने नाही. अन्य स्थावर मालमत्तेबाबत त्याच्या देशाशी झालेल्या करारात जेवढी सवलत असेल तेवढीच. कायदा मोडून घेतलेली जमीन सरकारजमा होणार होती. अपात्र कोण, हे १७९० पासूनच्या केंद्रीय कायद्याने आधीच ठरवून ठेवले होते. राज्याने फक्त त्या जुन्या कुलपाला आपल्या जमिनीची कडी अडकवली.

७/
त्या कडीत अडकलेल्या पहिल्या काही घरांपैकी एक रिव्हरसाइड शहरात होते. जुकिची हाराडा तेथे खाणावळ आणि भाड्याच्या खोल्या चालवीत. त्यांचे एक मूल घटसर्पाने दगावले, तेव्हा दाटीवाटीची जागा सोडून मुलांसाठी स्वतंत्र घर घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. डिसेंबर १९१५ मध्ये लेमन स्ट्रीटवरील एक छोटे घर त्यांनी खरेदी केले. खरेदीखतावर मात्र स्वतःचे नाव घातले नाही. मिने, सुमी आणि योशिझो या आपल्या अमेरिकेत जन्मलेल्या तीन अपत्यांची नावे घातली. मुले नागरिक होती. बाप नागरिक नव्हता आणि होऊही शकत नव्हता.

८/
शेजाऱ्यांना ही वस्ती रुचली नाही. जास्त रक्कम देऊन घर परत घेण्याची तयारी त्यांनी दाखवली. हाराडा यांनी नकार दिला. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांकडे गेले आणि कॅलिफोर्निया सरकारने फिर्याद गुदरली. मुलांची नावे हा केवळ देखावा आहे, खरा मालक बापच, असा सरकारचा दावा होता. १९१८ साली न्यायाधीश ह्यू क्रेग यांनी निकाल दिला. जमीन कायदा त्यांनी वैधच ठरवला, पण अमेरिकेत जन्मलेली मुले नागरिक आहेत आणि नागरिकाला घर घेण्याचा हक्क आहे, हेही स्पष्ट सांगितले. घर वाचले. ज्या मुलांना अजून सही करण्याचेही वय नव्हते, त्यांच्या नावावर एक कुटुंब त्या देशात स्थिरावले.

९/
हा मार्ग बंद करण्यासाठी १९२० साली थेट मतदारांपुढे नवा कायदा ठेवण्यात आला आणि तो मोठ्या बहुमताने संमत झाला. आता अपात्र परकीयाला शेतजमीन खंडानेही घेता येईना. कंपनी काढून तिच्या नावे जमीन घेण्याची वाट अडवली गेली. अपात्र बापाला आपल्याच मुलाच्या जमिनीचा पालक होण्यासही मनाई झाली. हे शेवटचे कलम कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली यानो खटल्यात रद्द केले. १९२३ मध्ये पिकाच्या वाट्यावर शेती करण्याचे करारही बेकायदा ठरले. मालक नाही, खंडकरी नाही, वाटेकरीही नाही. उरली ती केवळ मजुरी.

१०/
भारतीय या साऱ्यात कोठे होते? अधांतरी. नागरिकत्वास ते पात्र की अपात्र, याचा अंतिम निवाडा झालेला नसल्यामुळे जमीन कायदा त्यांना लागू करणे अवघड होते. १९२० च्या सुमारास राज्य सरकारने केलेल्या पाहणीनुसार कॅलिफोर्नियात भारतीयांच्या मालकीची सुमारे २,००० एकर जमीन होती, तर ८५,००० एकरांहून अधिक जमीन ते खंडाने कसत होते. कापूस, भात, खरबुजे, द्राक्षे यांच्या या शेतीचे भवितव्य आता एकाच प्रश्नावर टांगले होते : भारतीय 'गोरा' आहे का?

११/
नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळला. वीस वर्षे अमेरिकेत राहून, तेथे शिकून, घरात इंग्रजीच बोलणारे हे कुटुंब होते. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस त्या वंशाचा नाही. हा निकाल ऐकून भारतीयांच्या आशा पालवल्या. त्या काळच्या मानववंशशास्त्राची पुस्तके उत्तर भारतीयांची गणना कॉकेशियन वंशातच करीत. निकष तोच असेल, तर उत्तर आपल्या बाजूचे, असे त्यांना वाटले.

१२/
निकष तीन महिनेच टिकला. भगतसिंग थिंड हे पंजाबचे. १९१३ साली अमेरिकेत आलेले. ओरेगनच्या लाकडाच्या गिरण्यांत त्यांनी काम केले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले, पगडीसह गणवेश घातला आणि सन्मानपूर्वक सेवामुक्त झाले. १९२० साली ओरेगनच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. केंद्र सरकारने त्याविरुद्ध अपील केले आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थिंड यांच्या विरुद्ध निकाल दिला. निकाल पुन्हा सदरलंड यांचाच. आता ते म्हणत होते, की शास्त्र काहीही सांगो, 'गोरा' या शब्दाचा अर्थ सामान्य माणूस जो समजतो तोच धरावा. सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी स्थलांतरित होऊन आलेले.

१३/
थिंड यांच्या बाजूने झालेला युक्तिवादही तपासून पाहण्यासारखा आहे. 'गोऱ्यांनाच नागरिकत्व' हा नियम अन्यायकारक आहे, असे त्यांच्या बाजूने म्हटले गेले नाही. आपण त्या नियमात बसतो, एवढेच म्हटले गेले. आपण आर्य, उच्च जातीचे आणि रक्तशुद्धी जपणारे, असा हा दावा होता. आर्य सिद्धान्ताचा हा वापर मराठी वाचकाला अनोळखी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्याच सिद्धान्ताची उलट बाजू दाखवून आर्यांना आक्रमक ठरवले होते. अमेरिकी न्यायालयात जातीची उतरंड वंशाच्या उतरंडीपुढे साक्षीला उभी राहिली आणि ती साक्ष मानली गेली नाही.

१४/
निकालाचे परिणाम तत्काळ दिसू लागले. भारतीय 'अपात्र' ठरताच महाधिवक्ता वेब यांनी जमीन कायदा त्यांनाही लागू होईल असे जाहीर केले. केंद्र सरकारने ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचे ते रद्द करण्यासाठी दावे सुरू केले. नोव्हेंबर १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन व कॅलिफोर्नियाचे जमीन कायदे वैध ठरवले. जो नागरिक नाही आणि होऊ शकत नाही, त्याला राज्याच्या हिताविषयी आस्था नसते, अशा आशयाचा तर्क त्यात होता. आधी दार लावून घ्यायचे आणि मग बाहेर उभ्या असलेल्याला घराची आस्था नाही म्हणायचे, असा हा न्याय. डझनभराहून अधिक राज्यांनी असे कायदे केले.

१५/
हा न्याय एका कुटुंबावर कसा कोसळला ते पाहावे. वैष्णो दास बगाई हे पेशावरचे सुखवस्तू गृहस्थ. १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे २५,००० डॉलरचे सोने होते. ब्रिटिशांच्या गुलामीत राहायचे नाही, हा देशांतरामागचा निश्चय. बर्कले येथे त्यांनी घर घेतले. सामान घेऊन कुटुंब दारात पोहोचले, तो शेजाऱ्यांनी घराला कुलपे ठोकलेली. मुलांच्या जिवाला घोर नको म्हणून बगाई दांपत्याने ते घर सोडले. पैसा होता, व्यवहार पक्का होता, तरी उंबरठा ओलांडता आला नाही.

१६/
त्यांनी हार मानली नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 'बगाईज बाजार' हे दुकान थाटले. १९२१ साली त्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले. थिंड निकालानंतर ते काढून घेण्यात आले. त्याबरोबर मालमत्ता बाळगण्याचा आधारही गेला. दुकानासह जे होते ते विकावे लागले. हाराडा यांच्यासारखी मुलांच्या नावाची वाटही त्यांना नव्हती, कारण तिन्ही मुले हिंदुस्थानात जन्मलेली. १९२८ साली मायदेशी जाऊन येण्यासाठी पारपत्र मागितले, तेव्हा अमेरिकेने ते नाकारले. ब्रिटिश पारपत्र घ्यावे असा सल्ला मिळाला. ज्या साम्राज्याचा त्याग करून ते आले होते, त्याचेच प्रजाजन म्हणून परत जायचे. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांनी आत्महत्या केली.

१७/
मागे ठेवलेल्या पत्रांपैकी एक त्यांनी वृत्तपत्रासाठी लिहिले होते आणि 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर'ने ते छापले. येथे कायमचे घर करावे, मुलांना येथे वाढवावे या हेतूने आपण आलो. आता आपण ना या देशाचे नागरिक उरलो, ना त्या देशाचे, असा त्याचा आशय होता. येथे एक गोष्ट लक्षात येते. बगाई यांच्याकडून मालमत्ता थेट बळाने कोणी हिसकावली नाही. एक दर्जा काढून घेतला गेला आणि त्या दर्जावर उभे असलेले घर, दुकान, प्रवास, पत, सारे एकामागोमाग ढासळले.

१८/
याच लाटेला एका माणसाने थोपवले. ते म्हणजे वर उल्लेखिलेले सखाराम गणेश पंडित. नागरिक झाल्यावर कायद्याचा अभ्यास करून ते १९१७ साली कॅलिफोर्नियात वकील झाले. थिंड यांच्यासह अनेक भारतीयांच्या नागरिकत्वाची बाजू त्यांनी लढवली होती. आता सरकारने त्यांच्याच नागरिकत्वावर दावा लावला. 'मी गोरा आहे' हा मुद्दा थिंड निकालाने संपला होता. पंडितांनी दुसरा मुद्दा पुढे केला : १९१४ चा हुकूम खुद्द न्यायालयाचा होता. सरकारी अधिकाऱ्याने तेव्हाच हरकत घेतली होती, न्यायालयाने ती ऐकून फेटाळली होती आणि सरकारने त्यावर अपील केले नव्हते. निकाली निघालेला वाद इतक्या वर्षांनी उकरता येतो काय?

१९/
त्या हुकमावर विसंबून आपण आयुष्य उभे केले, हेही त्यांनी न्यायालयापुढे मांडले. भारतातील वडिलोपार्जित मिळकतीवर पाणी सोडले. कॅलिफोर्नियात घर घेतले. वकिलीची सनद मिळवली. अमेरिकी स्त्रीशी विवाह केला. इम्पीरियल खोऱ्यात या दांपत्याची जमीन होती. नागरिकत्व गेले तर यातले काहीच सुरक्षित राहणार नव्हते. जिल्हा न्यायालयाने आणि १९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज विचारातच घेतला नाही. त्यानंतर सरकारने उरलेल्या भारतीयांविरुद्धचे दावे सोडून दिले. बगाई यांच्यासाठी मात्र हा निकाल उशिराचा ठरला.

२०/
पंडितांच्या खटल्यात आणखी एक नागरिकत्व पणाला लागले होते : त्यांच्या पत्नीचे. १९२२ च्या केबल कायद्यानुसार, 'अपात्र परकीया'शी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व जात असे. अमेरिकेत जन्मलेली, वाढलेली स्त्रीही केवळ पतीमुळे परकीय ठरे. अशा स्त्रीच्या नावावर जमीन ठेवून कायदा चुकवण्याची वाटही त्यामुळे बंद झाली. या कायद्यातील जाचक तरतुदी १९३१ नंतर सैल होत गेल्या.

२१/
सामान्य शेतकऱ्यापाशी वकिलांची फौज नव्हती. त्याने 'बेनामी'चा आसरा घेतला. इम्पीरियल खोऱ्यातील पंजाबी शेतकरी गोऱ्या जमीनदाराच्या, बँकवाल्याच्या किंवा वकिलाच्या नावावर जमीन ठेवून ती स्वतः कसत. कागदावर ते मजूर किंवा मुकादम असत. सगळा व्यवहार विश्वासावर चाले; विश्वासघात झाला तर कोर्टात जाण्याची सोय नव्हती, कारण तेथे जाणे म्हणजे स्वतःचाच गुन्हा कबूल करणे. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून नव्याने येणे जवळपास बंद केले होते, त्यामुळे पत्नीला आणणे शक्य नव्हते. अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. त्या घरांत जन्मलेली मुले नागरिक होती आणि कालांतराने जमिनी त्यांच्या नावावर चढू लागल्या.

२२/
दुसऱ्या महायुद्धाने जपानी कुटुंबांची ही तडजोडही उधळली. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, म्हणजे थिंड निकालाला बरोबर १९ वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवण्याचा मार्ग मोकळा झाला. सुमारे १,२०,००० माणसे कोंडली गेली. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश जन्मतः अमेरिकी नागरिक होते. हाराडा दांपत्याचा अंत यूटामधील टोपाझ छावणीत झाला. लेमन स्ट्रीटवरील घर एका अमेरिकी मित्राने सांभाळले आणि १९४५ साली कन्या सुमी तेथे परतली. ते घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.

२३/
ओयामा कुटुंबाची गोष्ट याहून विलक्षण. काजिरो ओयामा यांनी १९३४ साली सॅन डिएगोजवळ सहा एकर जमीन आपल्या सहा वर्षांच्या मुलाच्या, फ्रेडच्या, नावे घेतली. १९४४ साली, सरकारी आदेशामुळेच हे कुटुंब किनारपट्टीबाहेर असताना, कॅलिफोर्नियाने ती जमीन सरकारजमा करण्याचा दावा लावला. जानेवारी १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. इतर कोणत्याही नागरिक मुलाला वडील जमीन भेट देऊ शकतात. फ्रेडला ते नाकारणे म्हणजे वडिलांच्या वंशापायी नागरिकाशी केलेला भेदभाव होय. कायदा शाबूत राहिला, पण त्याचा कणा मोडला.

२४/
त्याआधीच, २ जुलै १९४६ रोजी, लूस-सेलर कायद्याने भारतीय व फिलिपिनो लोकांना नागरिकत्वास पात्र ठरवले. भारतातून वर्षाला केवळ १०० जणांना प्रवेशाची परवानगी होती. तरीही जमीन कायद्याच्या दृष्टीने ही उलथापालथच होती. 'अपात्र' हा शिक्का पुसला गेला, त्यामुळे राज्याच्या कायद्यातील एक अक्षरही न बदलता पंजाबी शेतकरी आपल्या शेताचा उघड मालक होऊ शकला. १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सेई फुजी यांच्या खटल्यात, हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी केंद्राने नागरिकत्वावरील वंशाची अट संपवली.

२५/
कायदा पुस्तकात मात्र अजून होता. तो पुसण्याचा प्रस्ताव ६ नोव्हेंबर १९५६ रोजी मतदारांपुढे आला आणि संमत झाला. त्याच दिवशी त्याच मतदारांपैकी रिव्हरसाइड व इम्पीरियल या दोन परगण्यांतील लोकांनी आपला काँग्रेस सदस्य निवडला : दलिप सिंग सौंद. १९२० साली शिक्षणासाठी आलेले, गणितात डॉक्टरेट मिळवूनही शेती करावी लागलेले आणि कायद्यामुळे स्वतःच्या नावे जमीन घेऊ न शकलेले हे पंजाबी गृहस्थ १९४९ साली नागरिक झाले होते. हाराडांचे घर आणि पंजाब्यांची बेनामी शेते, दोन्ही ज्या मतदारसंघात होती, तेथूनच अमेरिकी काँग्रेसमधील पहिला आशियाई वंशाचा मतदानाधिकारी सदस्य निवडून आला.

२६/
भगतसिंग थिंड यांना अखेर १९३६ साली नागरिकत्व मिळाले, तेही न्यू यॉर्कमध्ये, माजी सैनिकांसाठी केलेल्या वेगळ्या कायद्याखाली. वैष्णो दास यांच्या पश्चात कला बगाई यांनी मुलांना वाढवले, शिकवले. ज्या बर्कले शहरात त्यांच्या घराला कुलपे ठोकली गेली होती, त्याच शहराने २०२० साली एका रस्त्याला 'कला बगाई वे' हे नाव देण्याचे ठरवले.

२७/
हा सारा इतिहास 'अपात्र' या एका शब्दाभोवती फिरतो. जमीन कायदे रहिवाशांचा वंश विचारत नव्हते. ते फक्त नागरिकत्वाची पात्रता विचारत होते. पात्रता आधीच वंशाने ठरलेली होती. म्हणून अशा कायद्यांचा अभ्यास करताना काय लिहिले आहे याइतकेच, कोणता शब्द कोणत्या दुसऱ्या कायद्याला जोडलेला आहे, हेही पाहावे लागते. फ्लॉरिडाच्या राज्यघटनेतून 'नागरिकत्वास अपात्र परकीय' ही तरतूद २०१८ साली मतदारांनी काढून टाकली. २०२३ साली त्याच राज्याने चीनसह काही देशांच्या नागरिकांच्या जमीनखरेदीवर नवे निर्बंध घातले. कारण या वेळी राष्ट्रीय सुरक्षेचे सांगितले गेले.

२८/
खरेदीखत हा मालकीचा पुरावा असतो. आपलेपणाचा पुरावा देणे त्याच्या हाती नसते. तो अधिकार राज्यसंस्था स्वतःकडे ठेवते आणि देते तसा काढूनही घेऊ शकते. बगाई यांच्याकडे पैसा, दुकान, नागरिकत्वाचा कागद, सारे होते. हाराडांकडे तीन मुलांच्या नावांपलीकडे काही नव्हते. कॅलिफोर्नियात टिकले ते दुसरे घर. कारण त्या मुलांचे नागरिकत्व जन्माने मिळालेले होते, कोणाच्या मर्जीने नव्हे.